नशेवर बंदी हवी, पण तुरुंग कोणासाठी?



गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील दोघांनी मला एकाच विषयावर दोन अगदी उलट गोष्टी सांगितल्या. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "फादर, दारूची दुकाने जागोजागी आहेत, सरकार त्यावर कर घेते. मग गांजानेच काय पाप केले? कॅनडाने २०१८ मध्ये तो खुला केला, जर्मनीने २०२४ मध्ये काही प्रमाणात केला. आपणही सगळे कायदेशीर करून टाकावे, म्हणजे गुंडांचा धंदा आपोआप बसेल." दुसरे एक ज्येष्ठ गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे असे, की विकणारा आणि घेणारा दोघांनाही फासावर लटकवा, चार दिवसांत सगळे सरळ होतील. दोघेही मनाने चांगले आहेत आणि रविवारची मिस्सा चुकवत नाहीत. म्हणून दोघांना मिळून एकच उत्तर लिहितो.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रॉन पकडले. तपास रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत पोहोचला. त्या प्रकरणातला एक मुख्य आरोपी उपचारासाठी ससून रुग्णालयात होता, तो २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून पळाला आणि मग राज्यभर गाजावाजा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंडजवळच्या कुरकुंभ वसाहतीत तोच माल शेकडो किलोंनी मिळाला. त्याच मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी आपल्याच दलातील एका उपनिरीक्षकाला मेफेड्रॉनच्याच प्रकरणात अटक केली. न्यायालयांचे निकाल यायचे तेव्हा येतील. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गांजाला शेत लागते, अफूला शेत लागते. 'एमडी' नावाने विकल्या जाणाऱ्या ह्या पांढऱ्या पुडीला मात्र शेत लागत नाही. तिला रसायने लागतात, ती शिजवायची भांडी लागतात, रसायनशास्त्र शिकलेला माणूस लागतो आणि वसाहतीतली एखादी शेड लागते. आपल्या पट्ट्यात ह्यातले काहीच दुर्मीळ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नशा करणे पाप आहे का, ह्याबद्दल चर्चच्या शिकवणीत संदिग्धता नाही. औषधोपचाराचे कारण सोडता अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध आहे आणि त्यांचे चोरटे उत्पादन व व्यापार हे दुष्कृत्यात प्रत्यक्ष सामील होणे आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. पण पाप कोणते हे ठरवणे आणि गुन्हा कोणता हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला होता : मानवी कायद्याने सगळ्याच दुर्गुणांवर बंदी घालावी का? त्यांचे उत्तर 'नाही' असे आहे. कायदा सर्वसामान्य माणसांसाठी असतो आणि त्यातील बहुतेक सद्गुणात परिपूर्ण नसतात. म्हणून बहुसंख्यांना टाळता येण्याजोगी आणि मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारी अशी मोठी दुष्कृत्येच कायद्याने रोखावीत. अपूर्ण माणसावर पेलणार नाही एवढे ओझे टाकले, तर तो ते झुगारून आणखी वाईटाकडे वळतो. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हाला तो फार सैल वाटत असे. धर्मग्रामात काही वर्षे काढली की त्यातला व्यवहार कळू लागतो.

आपला तरुण मित्र म्हणेल, "मग झाले तर! मी माझ्या खोलीत बसून ओढतो, दुसऱ्याला काय इजा?" हे म्हणणे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल ह्यांच्या नावावर सांगितले जाते. दुसऱ्याचे नुकसान होत नसेल तर प्रौढ माणसाच्या आयुष्यात कायद्याने हात घालू नये, असे त्यांचे सूत्र. पण त्याच मिल ह्यांनी एक अपवाद केला होता. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य त्यांनी माणसाला दिले नाही. कारण स्वातंत्र्याचा वापर करून स्वातंत्र्यच संपवून टाकणे हे स्वातंत्र्य नव्हे. मेफेड्रॉन किंवा ब्राऊन शुगर ह्यांच्याकडे ह्या नजरेने पाहा. पहिली पुडी मुलगा स्वतःच्या मर्जीने घेतो. पन्नासावी कोणाच्या मर्जीने घेतो? जी वस्तू विकत घेणाऱ्याची 'नाही' म्हणण्याची ताकदच खाऊन टाकते, ती भाजीपाल्यासारखा खुला माल होऊ शकत नाही. म्हणून उत्पादन आणि व्यापार हा गुन्हाच राहिला पाहिजे, असे माझे मत आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१४ मध्ये आणि पुन्हा २६ जून २०२४ रोजी, नशा खुली करून नशेचा प्रश्न सुटत नाही, असे स्पष्टपणे मांडले होते.

मात्र हेच कारण आपल्या ज्येष्ठ मित्रांच्या विरुद्धही जाते, आणि ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. नशा माणसाची इच्छाशक्ती खाते, हे खरे असेल, तर व्यसनात पुरता सापडलेला मुलगा पूर्ण स्वतंत्र मनाने गुन्हा करत नाही. सवय आणि सक्ती ह्यांमुळे कृत्याची नैतिक जबाबदारी कमी होते, हेही धर्मशिक्षणग्रंथातच आहे. 'तो गुलाम झाला आहे' असे म्हणून दुकान बंद करायचे आणि 'त्याने हे मुद्दाम केले' असे म्हणून त्यालाच कोठडीत टाकायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

आपला कायदा ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. १९८५ च्या आधी आपल्या देशात गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे, हे आजच्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. त्या वर्षी एनडीपीएस कायदा आला. २००१ मध्ये त्यात मालाच्या वजनानुसार शिक्षा वेगवेगळ्या झाल्या. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण आणि वीस किलोपासून पुढे व्यापारी. हेरॉईनसाठी हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे कैद आहे. काही गुन्हे पुन्हा केल्यास फाशी सक्तीची होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केली. फाशीची तरतूद त्यानंतरही पुस्तकात राहिली, आणि पुड्याही मिळतच राहिल्या. नुसते सेवन करणाऱ्यालाही, पदार्थाप्रमाणे, सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आणि ह्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. मी ज्या ज्या पालकांशी बोललो, त्यांतल्या एकालाही हे कलम ठाऊक नव्हते. सर्वांना ठाऊक होती ती फक्त पोलिसांची भीती.

'बंदी घातली की झाले' आणि 'बंदी उठवली की झाले' ह्या दोन्ही समजुती आपल्याच राज्यात तपासून झाल्या आहेत, नशेच्या नव्हे पण दारूच्या बाबतीत. चंद्रपूर जिल्ह्यातील बायका २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. कारण सांगितले की अवैध दारू आणि तिच्याभोवतीची गुन्हेगारी वाढली. कारण खोटे नसेलही. पण ज्या बायका ऊन-थंडीत चालल्या, त्यांची तक्रार गुन्हेगारीच्या आकड्यांबद्दल नव्हती. घरी येणारा पगार आणि घरी येणारा नवरा ह्यांबद्दल होती. ती बंदी असताना पुरती मिटली नाही आणि उठवल्यावर मिटण्याचे कारणच नव्हते.

परदेशातही असेच आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये व्यापार गुन्हाच ठेवला, पण साधारण दहा दिवसांपुरता माल जवळ असलेल्याला न्यायालयाऐवजी समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. तिथून त्याला उपचाराकडे वळवले जाते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२१ मध्ये जवळ थोडा माल बाळगण्याची शिक्षा काढली. उपचाराची व्यवस्था मात्र मागाहून, रखडत आली, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे ते पुन्हा गुन्हा ठरले. म्हणजे तुरुंगाचे दार बंद करणे पुरेसे नाही. दुसरे एखादे दार आधी उघडावे लागते.

असे दार आपल्याकडे उघडणारी माणसे होऊन गेली. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्यात पसरली, लोक तिला 'गर्द' म्हणू लागले आणि घेणाऱ्याला 'गर्दुल्ला'. (शब्द कसा शिवीसारखा उच्चारला जातो पाहा. कर्करोग झालेल्याला आपण असे नाव ठेवत नाही.) त्या काळात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट ह्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. त्याआधीच, १९८१ मध्ये, फादर ज्यो परेरा ह्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनची सुरुवात केली होती. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले धर्मगुरू, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. चर्चच्या आवारात व्यसनी लोक कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यांनी हे आठवावे.

ज्येष्ठ मित्रांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घेणारा हा केवळ बिचारा नाही. शनिवारी मित्रांबरोबर मौज म्हणून पुडी घेणारा आणि सोमवारी कामावर हजर होणारा पगारदार मुलगा अजून गुलाम झालेला नाही. त्याचे पैसे त्या शेडपर्यंत जातात, त्यातून माल आणखी पिकतो आणि मग ज्याची ताकद कमी आहे असा एखादा पोरगा त्यात बुडतो. 'मी कोणाला इजा केली नाही' असे त्याने पापनिवेदनाच्या वेळी म्हणू नये. त्याला तुरुंग नको, पण मोठा दंड आणि सक्तीचे समुपदेशन व्हायला माझी हरकत नाही. पोप लिओ ह्यांनी २६ जून २०२५ रोजी एका वेगळ्याच बाजूकडे बोट दाखवले होते : सुरक्षेच्या नावाखाली लढाई पुष्कळदा गरिबांशीच होते आणि तुरुंग भरतात ते साखळीच्या शेवटच्या कडीवर असलेल्यांनी. बारा तासांची पाळी करून एका खोलीत सहाजण राहणारा कंत्राटी मुलगा लवकर पकडला जातो. वकील परवडणारा लवकर सुटतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात गेरसेकरांच्या प्रदेशातील त्या माणसाची हकीकत आहे. तो थडग्यांमध्ये राहत असे. लोकांनी त्याला पुष्कळदा बेड्या घातल्या आणि त्याने त्या तोडल्या. येशूने त्याला बांधले नाही, त्याचे नाव विचारले. तो बरा झाला, पण डुकरांचा मोठा कळप बुडाला, कोणाचा तरी धंदा बुडाला, आणि गावकऱ्यांनी विनंती केली ती येशूनेच निघून जावे अशी. बरा झालेला माणूस येशूबरोबर जायला निघाला, तेव्हा येशूने त्याला बरोबर न घेता घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. शुभवर्तमान पुढचे सांगत नाही. घरच्यांनी दार उघडले का, गावात कोणी काम दिले का?

आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा उपचार पुरा करून परत आला आहे. त्याच्या आईने मला विचारले होते, की मुलाला केंद्रात नेले तर पोलीस येतील का. मी तिला ते ६४-अ कलम समजावून सांगितले आणि ती त्याला घेऊन गेली. आता तो फिटरचे काम जाणतो, पण गेल्या वर्षभरातील खंडाबद्दल प्रत्येक ठिकाणी विचारणा होते आणि खरे सांगितले की फोन येत नाही. चाकण, भोसरी किंवा तळवडे येथे ज्यांचे वर्कशॉप आहे किंवा ज्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे, त्यांनी आज मिस्सानंतर मला धर्मगुरुनिवासात भेटावे. नाव तिथे सांगेन.

आपला,
फादर