बाईशी बोली आधी ठरव

मुकुटबन, फाल्गुन

चि. पोरी,

तुझा फोन आला तेव्हा अंगणात तुरी भरणं चालू होतं, धड बोलता आलं नाही. बाळाला दात येतायत, तुझी रजा संपत आली, सगळं ध्यानात आहे माझ्या. पण ‘आपल्याकडची शाळा सोडलेली एखादी पोरगी पाठव, घरच्यासारखी ठेवीन’ म्हणालीस, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. पोरगी मी पाठवणार नाही, माय. चौदाच्या आतलं लेकरू घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे. आणि बंदी नसती तरी आपल्याकडच्या कोलामांच्या वस्तीतलं लेकरू पुण्याच्या फ्लॅटात कोंडायला मी हात लावला नसता. जाणती, मोठी बाई शोध.

मिळाली की पहिल्या दिवशीच बोलून घे. आपला सालगडी आठवतो ना? पोळ्याला त्याच्या खांद्यावर बसून बैल पाहायला जायचीस. गुढीपाडव्याला तुझे आजोबा ओसरीवर त्याचं साल ठरवायचे. रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, सगळं चार माणसांसमोर. पटलं नाही तर तो दुसरीकडे साल धरायचा. उचल फिटली नसली की मात्र पाय अडकायचा, आणि ताटही त्याचं वेगळंच असायचं. ते काही चांगलं नव्हतं. आता पोरं कारखान्यात नि खाणीवर जातात, सालगडी मिळत नाही.

घरात राहणाऱ्या बाईला तर तो पाडवाही नाही गं. बाळ रडलं की ती उठणार, पहाटे दूधवाल्याची बेल वाजली की तीच. तिचा दिवस संपतो कधी? तुझ्याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. त्या रोज आपापल्या वस्तीत परतायच्या, एकमेकींशी बोलायच्या. चोवीस तासांची बाई बंद दाराआड एकटी. ती कुणापाशी बोलणार?

म्हणून रात्री तू आणि जावईबापू पाळीनं उठा. तिला झोपायला ओट्याखालची फरशी नको, आडोसा असलेली जागा दे. आठवड्यातून एक अख्खा दिवस तिचा. २०११ साली जिनिव्हात घरकामगारांसाठी जागतिक करार झाला, त्यात सलग चोवीस तासांची सुट्टी आहे, आणि ओळखीचे कागद तिच्याजवळच राहावेत असंही आहे. आपल्या सरकारनं तो अजून मान्य केलेला नाही, पण तू कुणासाठी थांबू नकोस. आधार कार्ड ठेवून घेऊ नकोस. पगार तिच्याच खात्यात, ठरल्या तारखेला. उचल दिलीस तरी त्यापायी तिला अडकवू नकोस. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्यानं घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ आहे, तिथं तिची नोंदणी करून दे.

आणि विचार तिला, तुझी लेकरं कुणापाशी आहेत म्हणून. तिच्या भरवशावर तू ऑफिसात जाणार, तर तिच्या लेकरांना रोज फोन करायला तिला निवांत वेळ हवा. तिच्यावर जीव लाव, लावशीलच. पण जीव लावला म्हणून सुट्टी बुडवू नकोस.

इकडे उन्हं तापायला लागलीत. काकांचा गुडघा बरा आहे. पाडव्याला बाळाला घेऊन ये, आणि त्या दिवसांत बाईलाही पगार न कापता गावी जाऊ दे. वणीला कधी पोचतेस ते कळव, काका घ्यायला येतील.

तुझी,
मोठी आई