तबकडीची मात्रा

औषध म्हटले की ते पोटात जावे, निदान अंगाला चोळावे, अशी आपली समजूत असते. कानात घालायचे औषध म्हणजे फार तर कोमट तेलाचे दोन थेंब. परंतु ध्वनिमुद्रणाचा शोध लागून फार वर्षे झाली नव्हती, तोच काही डॉक्टर रोग्याला सूरही देऊ लागले.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बोलता केला. गंमत अशी, की हा मनुष्य स्वतः कानांनी अधू. नीट ऐकू यावे म्हणून तो यंत्राच्या लाकडात दात रोवी. पुढे फोनोग्राफची कंपने कानात सोडून बहिरेपण घालवू पाहणारे निघाले. कानातल्या हाडांना तालीम मिळेल ही आशा! ती फोल ठरली. न्यूयॉर्कच्या डॉ. कॉर्निंग यांचा प्रयोग अधिक विचारी. १८९९ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. खिन्न रोग्याला निजवावे, डोक्याला कातडी टोपडे घालावे, नळ्यांतून फोनोग्राफचे संगीत कानांत सोडावे आणि तशातच झोप लागू द्यावी. जागेपणी मन तर्क लढवीत बसते, पेंगताना सूर बिनतक्रार आत शिरतात, असा त्यांचा हिशेब. १९१४ साली पेनसिल्व्हेनियातील डॉ. केन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ ठेवल्याचे लिहिले. भूल चढेपर्यंत रोगी घाबरू नये, एवढाच हेतू. (हेच गृहस्थ १९२१ साली स्वतःचे अपेंडिक्स स्वतः कापून मोकळे झाले!)

दोघांत मला एक फरक दिसतो. केनसाहेबांच्या रोग्याला ठाऊक होते, की समोर यंत्र आहे. कॉर्निंग यांना मात्र आधी रोग्याचा विवेक निजवायचा होता. दुःख हलके करण्यासाठी माणसाला असे अंधारात न्यावे काय? मी हा प्रश्न पुस्तकातून उचललेला नाही.

१९६१ च्या जुलैत पानशेतचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नदीकाठी राहणारी आत्या त्यानंतर आमच्याकडे सदाशिव पेठेत आली. आतोबा त्याच वर्षी माघात गेले होते. पाठोपाठ घर गेले. तिने अन्न टाकले, झोप टाकली. माळ्यावर असल्यामुळे आतोबांचा चावीचा ग्रामोफोन तेवढा बचावला, आणि अब्दुल करीम खाँची झिंझोटी. आतोबा रोज जेवणानंतर ती लावीत. आमचे डॉक्टर म्हणाले, “लावून बघा.” चावी देण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच रात्री आत्याने मिटल्या डोळ्यांनी विचारले, “हे आले का रे?” आईने मला नजरेने दटावले आणि म्हणाली, “आले हो वन्सं, पाय धुताहेत.” आत्या झोपली. मग रोज तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच झोप. तीन-सव्वातीन मिनिटांची मात्रा. महिन्याभरात ती भात खाऊ लागली.

वडिलांना हे पटत नसे. “ताईला कळेल त्या दिवशी तिचे काय उरेल?” आई म्हणे, “त्या दिवसापर्यंत त्या जगतील ना!” मी आज वडिलांच्या बाजूचा आहे, पण उशाशी बसलो असतो, तर आईसारखेच बोललो असतो. तबकडीला दोष नव्हता. खाँसाहेब १९३७ सालीच निवर्तले होते आणि गात होते. मी अमुक आहे, असे ते कधी म्हणाले नाहीत. लबाडी आमच्या तोंडची. गुण कशाचा, सुरांचा की लबाडीचा, हे मात्र निवडता येईना.

दिवाळीच्या आधी एका रात्री मी पेंगलो, चावी अपुरी राहिली. गाणे मध्येच घसरले. खाँसाहेबांचा तो रेशमी आवाज जाड, रडका झाला. मी दचकून हात घातला. पांघरुणातून आत्या म्हणाली, “असू दे रे. ह्यांची रोज अशीच रडायची. जन्मात धड चावी देता आली नाही त्यांना. तू मेला पहिल्या रात्रीपासून पुरती देतोस.”

आई दारात उभी होती. कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या रात्री मी चावी पुरती दिली. झिंझोटी सुरू झाली. आत्याने विचारले, “हे आले का रे?” आईने माझ्याकडे पाहिले.

“पाय धुताहेत,” मी म्हणालो.