काऊचं घर का वाहून गेलं?



आजचं वाचन भागवताच्या चौथ्या स्कंधातलं, आठवा अध्याय. ध्रुवाची गोष्ट. ती आपल्याला इतकी पाठ असते की आपण धावतच जातो: वडिलांची मांडी, सुरुचीचे टोमणे, जंगल, तप, अढळपद. मधलं सुनीतीचं बोलणं त्यात राहूनच जातं. आज मी तिथेच थांबले.

पाच वर्षांचं पोर रडत आलंय. सावत्र आईने भर दरबारात त्याचा अपमान केलाय. आपल्यापैकी कुणीही म्हटलं असतं, "थांब, देव बघून घेईल तिला!" सुनीती तर राजाची नावडती राणी, तिला तसं म्हणायचा हक्कही होता. पण ती मुलाला सांगते, बाळा, दुसऱ्याचं वाईट मनात आणू नकोस. जो दुसऱ्याला दुःख देतो, ते दुःख त्यालाच भोगावं लागतं. म्हणजे कर्मफळाचा नियम ती सांगते, पण तो सुरुचीवर रोखत नाही. ध्रुवाला सांभाळायला वापरते.

हे वाचताना मला चिऊ-काऊ आठवले. दर रविवारी मी सोसायटीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्टी सांगते आणि ही गोष्ट हमखास मागितली जाते. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, मोठ्ठा पाऊस आला आणि काऊचं घर गेलं वाहून. "का बरं वाहून गेलं?" असं विचारलं की "शेणाचं होतं म्हणून" हे उत्तर येतंच. पण त्यामागून हळूच येतं, "तो आळशी होता", "तो वाईट होता". गोष्टीच्या या भागात असं काहीच नाहीये! शेण पावसात विरघळलं, एवढंच. पण मुलं उलटा हिशोब मांडतात: ज्याचं वाईट झालं, तो वाईटच असणार.

आणि हा हिशोब मोठेपणी सुटतोच असं नाही. ओळखीच्या एका ताईंचं बाळ खूप आजारी होतं, तेव्हा भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांच्यासमोरच म्हटलं, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." बोलणारी व्यक्ती रोज पोथी वाचणारी. मला तेव्हापासून या प्रश्नाची भीतीच वाटते. मुलांना "जसं कराल तसं भराल" शिकवताना आपण त्यांना दुसऱ्याचं दुःख बघून मान फिरवायला तर शिकवत नाही ना? कर्माची गती गहन आहे, असं गीतेच्या चौथ्या अध्यायात खुद्द भगवंत सांगतात. आणि आपण मात्र शेजाऱ्याचं अख्खं खातं दोन मिनिटांत वाचून मोकळे होतो.

मग गोष्टींतून परिणाम काढूनच टाकायचे का? हल्ली काही पुस्तकांत सगळेच शेवटी मिठी मारतात, ते मला पटत नाही. मुलांना परिणाम कळायलाच हवेत. फक्त परिणामांतही फरक असतो. 'लांडगा आला रे आला' घ्या. तिथे कुणी देव येऊन शिक्षा करत नाही; खोटं बोलता बोलता त्या पोराच्या शब्दाची किंमतच संपते. फळ कृतीच्याच पोटातून येतं. लाकूडतोड्याला मात्र खरं बोलल्याबद्दल सोन्याची कुऱ्हाड मिळते. छान गोष्ट आहे, पण ती सांगून झाली की मी विचारते, "फक्त लोखंडाचीच परत मिळाली असती तर?" मग जरा शांतता पसरते. (एकाने सांगितलं, "तरी लाकडं तोडता आली असती की!" याला म्हणतात वैराग्य!)

चिऊच्या गोष्टीतही खरा प्रश्न घराचा नाहीच, दाराचा आहे. बाहेर काऊ भिजतोय आणि आत चिऊचं बाळाचं एकेक काम चाललंय. पुढे कुणाच्या आजीच्या गोष्टीत काऊला चटका बसतो, कुणाच्या गोष्टीत ऊब मिळते. माझ्या वर्गातली एक साडेचार वर्षांची मुलगी दरवेळी मधेच उठून उभी राहते: "पण ती आधी दार का नाही उघडत?" मी तिला उत्तर देत नाही. बाकीच्यांना विचारते. एक म्हणतो बाळाला थंडी वाजेल, दुसरी म्हणते काऊला पण वाजतेय ना! हे भांडण चांगलं दहा मिनिटं चालतं आणि मी ते चालू देते.

एकदा सांगून मूल घडतं, असं भागवतही म्हणत नाही. अढळपदाचं वरदान मिळून, राजा होऊनसुद्धा ध्रुव सुनीतीचे शब्द विसरला. भाऊ उत्तम शिकारीला गेला असताना एका यक्षाने त्याला मारलं. ध्रुवाने रागाच्या भरात त्या एकापायी कितीतरी निरपराध यक्ष मारले. तेव्हा आजोबा, स्वायंभुव मनू, रणांगणावर आले आणि त्यांनी नातवाला पुन्हा समजावलं. ध्रुवाने धनुष्य खाली ठेवलं.

तो अकरावा अध्याय. इथून तिथपर्यंत रोज एक वाचूया. उद्या नववा.