तीन ठोके

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो दिसेनासा होतो. हे कळल्यावर तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ही गोष्ट सांगून ग्लॉकन सॉक्रेटिसपुढे प्रश्न टाकतो: पकडलं जाण्याची भीतीच उरली नाही, तर सज्जन माणूस आणि चोर यांच्या वागण्यात काही फरक राहील का?

बहुतेक जण हा प्रश्न कल्पनेतला म्हणून सोडून देतात. अशी अंगठी असते कुणाकडे? माझ्या मामाकडे होती. तो वीस वर्षं हवाईदलात होता आणि विमानांचा पत्रा दुरुस्त करायचा.

आपल्या मनात हवाईदल म्हटलं की पायलट येतो. पण ते विमान मुळात पत्र्याचं काम आहे. आत फ्रेम आणि लांब पट्ट्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पातळ कातडी आणि हे सगळं धरून ठेवणारे हजारो रिव्हेट. पक्षी आदळला, गंज धरला, तडा गेला, की तेवढा भाग कापायचा, मोजून ठिगळ तयार करायचं, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे, सीलंट भरायचं, रंग द्यायचा. रंग वाळला की आत काय झालंय ते दिसत नाही. अंगठीचा खडा आत फिरलेला असतो.

मामा एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. आधी बेळगावजवळ सांब्र्याला कवायत आणि शिस्त, मग ट्रेड शिकायला चेन्नईजवळ तांबरमला. तिथे पहिले काही आठवडे हातात फक्त कानस. मग पत्र्यावर खुणा करायला शिकवलं आणि त्यातच अर्धं शहाणपण होतं. कापायच्या रेषेशिवाय पत्र्यावर टोकदार सुईने ओरखडा काढायचा नाही, कारण ओरखडा म्हणजे उद्याच्या तड्याचं बीज. साधी पेन्सिलही चालत नाही, कारण तिच्यातलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंजवतं. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून किमान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवा. भोकाच्या कडेला राहिलेली धातूची कूस काढल्याशिवाय रिव्हेट घालायचा नाही.

एवढं काटेकोर कशासाठी? धातू थकतो म्हणून. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या अंगावर ताण येतो आणि जातो. जिथे चूक आहे तिथे दरवेळी तडा केसभर पुढे सरकतो. तो घाईत नसतो.

२ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेत मिसुरी राज्याच्या आकाशात सरावाच्या वेळी एक एफ-१५ लढाऊ विमान हवेतच तुटलं. कॉकपिटचा भाग मागच्या धडापासून वेगळा झाला. पायलट इजेक्ट झाला आणि जखमी होऊन वाचला. चौकशीत कळलं की कॉकपिटच्या बाजूने जाणारी एक मुख्य पट्टी, लाँजरॉन, आराखड्यात लिहिलेल्या जाडीपेक्षा पातळ होती. ती तशीच बसवली गेली होती आणि विमान पंचवीसएक वर्षं उडत होतं. नंतर शोध घेतल्यावर आणखी विमानांतही तसल्या पातळ पट्ट्या सापडल्या.

त्याआधीचं, प्रवासी विमानाचं उदाहरण याहून भयंकर आहे. १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका जंबो जेटची शेपटी उतरताना धावपट्टीला घासली. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती बोइंगच्या लोकांनी केली. जोडावर एक सलग पट्टी हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे तो एकाच रांगेवर आला. विमान त्यानंतर बारा हजारांहून जास्त वेळा उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फाटली. विमानात ५२४ माणसं होती. त्यातली ५२० गेली.

म्हणजे या कामात चुकीची शिक्षा चुकणाऱ्याला जवळजवळ कधीच भेटत नाही. तोवर त्याची बदली झालेली असते, तो निवृत्त झालेला असतो, कधी वारलेलाही असतो. आमच्या धंद्यात बग लिहिला तर संध्याकाळपर्यंत डॅशबोर्ड लाल होतो आणि मग आपण आधीच्या व्हर्जनवर परत जातो. परिणाम आम्हाला शिकवतो. पत्र्याच्या कामात परिणाम वेळेवर येतच नाही. मग माणूस नीट काम करतो ते कशाच्या जोरावर?

पहिलं उत्तर तपासणीचं. प्रत्येक दुरुस्तीची नोंद होते, करणारा सही करतो, त्याच्या वरचा तपासून सही करतो. शेवटी पायलट फॉर्म ७०० वर सही करतो आणि शिडी चढतो. ही साखळी हवीच. पण तपासणाराही माणूस आहे आणि त्याला तेवढंच दिसतं जेवढं झाकलेलं नाही. १९७८ नंतरच्या सात वर्षांत त्या जंबो जेटच्या तपासण्या झाल्याच होत्या.

दुसरं उत्तर चारित्र्याचं. चांगली माणसं निवडा, देशप्रेम जागवा. हे मी मामाला म्हटलं तेव्हा तो हसला. “अरे, एकोणिसाव्या वर्षी कसलं चारित्र्य? घरी पैसे पाठवायचे होते.” मग त्याने मला डॉलीबद्दल सांगितलं.

रिव्हेट मारायला दोघं लागतात. बाहेरचा रिव्हेट गन चालवतो. आतला, पत्र्याच्या मागे, लोखंडाचा एक जड ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला दाबून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. गनच्या माऱ्याने शेपटी डॉलीवर चेपते आणि तिचं डोकं तयार होतं. हे डोकं फक्त आतल्याला दिसतं. दोघांच्या मध्ये पत्रा असतो आणि गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला डॉलीने ठोके देतो. एक ठोका: अजून मार. दोन: झाला, पुढे चल. तीन: बिघडला, काढून टाक.

तीन ठोके महाग असतात. रिव्हेटचं डोकं ड्रिल करायचं, दांडा ठोकून बाहेर काढायचा. भोक मोठं झालं असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट शोधायचा. सकाळच्या उड्डाणासाठी विमान हवं असताना रात्री दोन वाजता हे करायचं. आणि आतल्या अडचणीच्या जागेत बहुतेक वेळा सगळ्यात लहान चणीचा, सगळ्यात ज्युनिअर पोरगा असतो. गन असते सार्जंटच्या हातात.

आता सांब्र्याची आठवण ठेवा. तिथे आधी शिकवलं जातं ते हुकूम पाळायला. सैन्य त्यावरच चालतं. आणि त्याच सैन्यातलं हे काम यावर चालतं की पोराने साहेबाला ‘नाही’ म्हणावं, तेही साहेबाला ऐकायचं नसताना.

मामाने युनिटमधल्या पहिल्या वर्षी एका रात्री असे तीन ठोके दिले. बाहेर शांतता. मग सार्जंटने विचारलं, “पक्का?” मामाने पुन्हा तीन दिले. पुन्हा शांतता. मग ड्रिलचा आवाज आला. बास, एवढीच गोष्ट. पण मामा त्यावर जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. “मी काही धीट नव्हतो. त्याने ड्रिल उचललं म्हणून पुढच्या वेळीही मी तीन दिले. शिवी घातली असती तर मी दोन द्यायला शिकलो असतो. आणि मग आयुष्यभर दोनच दिले असते.”

ग्लॉकनच्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय: अंगठी घातलेला माणूस एकटा आहे आणि त्याचं भलंबुरं फक्त त्याच्या आत ठरतं. प्रत्यक्षात पत्र्याच्या पलीकडे कुणीतरी असतं. खरं सांगण्याची किंमत काय, हे तो पलीकडचा ठरवतो. आपण अपघातानंतर विचारतो, खोटं कोण बोललं? त्याच्या जोडीने विचारायला हवं, खरं बोलणं एवढं महाग कुणी केलं?

माझ्या आधीच्या कंपनीत एका ज्युनिअर टेस्टरने रिलीजच्या आदल्या दिवशी सांगितलं की मधेच नेट गेलं तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. मॅनेजर म्हणाला, “प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन ये.” चार जण हसले. ती त्यानंतर कुठल्याच मीटिंगमध्ये बोलली नाही. तिच्या प्रत्येक रिव्ह्यूखाली ‘लुक्स गुड’ असायचं. मामाच्या भाषेत, ती दोन ठोके द्यायला शिकली.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ज्याला त्याला तीन ठोके द्यायची मुभा दिली तर विमान हँगरबाहेर पडेल कधी? पत्रेवाल्यांकडे याचं उत्तर आहे. चेपलेल्या डोक्याची रुंदी दांड्याच्या दीडपट हवी, उंची निम्मी. हे मोजायला गेज असतं. पोराचा ‘नाही’ हे त्याचं मत नसतं, माप असतं. म्हणून सार्जंटला त्यात अपमान वाटायचं कारण नाही. आमच्याकडे ‘बरोबर’ म्हणजे काय हे आधी ठरवलेलंच नसतं. मग ज्युनिअरचा आक्षेप त्याचा स्वभाव ठरतो. तो ‘निगेटिव्ह’ ठरतो.

तरीही सगळं व्यवस्थेवर ढकलून मोकळं होता येत नाही. सार्जंट कितीही भला असला तरी ते डोकं त्याला दिसत नसतं. डॉली धरलेला हात एकच असतो. त्या हाताने तिसरा ठोका द्यायचा की नाही, हे त्या क्षणी दुसरं कुणीही ठरवू शकत नाही. व्यवस्था तो ठोका स्वस्त करू शकते, फुकट नाही.

सध्या माझ्या टीममध्ये चार जण आहेत, सगळे माझ्याहून लहान. काम सुरू करायच्या आधी आम्ही लिहून ठेवतो की काय दिसलं तर थांबायचं. आणि महिनाभरात कुणीच मला थांबवलं नाही, तर ती मी चांगली बातमी समजत नाही. एकेकाला चहाला नेतो आणि विचारतो, “मागच्या वेळी तू काही बोललास, तेव्हा मी काय केलं होतं?”