चुना कोण लावणार?

"काका, कुणाचंच मन मोडायचं नसेल तर ऑफव्हाइट मारा," रंगारी सहज बोलून गेला आणि ते वाक्य कानात गेलेल्या पाण्यासारखं आठवडाभर निघेना. रत्नागिरीजवळ आमच्या जुन्या घराच्या जागी नवं घर उभं राहिलंय. पुट्टी झाली, प्रायमर झाला, आणि घरातली सहा माणसं शेडकार्डाभोवती बसून आहेत. ते हाल वर्णन करत नाही. ज्यानं घर बांधलं त्यानं ते भोगलेत.

मेव्हणे रंगाऱ्याच्या बाजूचे. "उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला फिकट भिंतीच बऱ्या वाटतात." ज्या घराची वास्तुशांत व्हायची आहे त्याच्या दारात आत्ताच गिऱ्हाईक उभं करणाऱ्याशी काय वाद घालायचा?

तसे पांढऱ्याचे पुरस्कर्ते मोठमोठे झाले. वास्तुशिल्पकार ल कॉर्बुझिएनं १९२५ साली लिहिलं की प्रत्येकाला घराच्या भिंती आतून पांढऱ्या करायला लावावं. घर स्वच्छ झालं की माणूस आतूनही स्वच्छ होतो. याच गृहस्थानं १९३१ साली एका स्विस कंपनीसाठी चांगल्या ४३ छटांचे भिंतीचे कागद काढले. इतरांना पांढरा सांगणं सोपं असतं.

माझ्या लेखी भांडण गडद-फिकटाचं नाहीच. रंग दोन जातींचे: मुरणारे आणि नुसते चढवलेले. चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत ज्या दगडाचा तो झाला, तोच दगड परत. भिंतीतली ओल तो बाहेर जाऊ देतो. प्लास्टिक इमल्शन म्हणजे पापुद्रा. मागून ओल आली की फुगे, मग पोपडे. जांभ्याचा चिरा खाणीत मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. कोट्याची फरशी पायांनी गुळगुळीत होत जाते, तर चकचकीत टाइल पहिल्या दिवशी सर्वांत देखणी असते आणि तिथून उतरणीला लागते. काही वस्तू जुन्या होतात, काही नुसत्या खराब होतात.

या तत्त्वज्ञानाच्या भरात मी जाहीर केलं: पडवीला चुना, ओटीवर लाल कोबा, माजघरात गेरूचा पट्टा. सौ. वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि दर दिवाळीला चुना कोण लावणार? की आम्हांलाच लावणार?"

मी हसलो, पण गडबडलो. कोकणातला पाऊस चुना धुऊन नेतो, भिंती शेवाळतात, काळवंडतात. नवरात्र आलं की आई कळीचा चुना भिजत घालायची, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि कुंचला घेऊन स्टुलावर चढायची. आठवडाभर तिच्या बोटांची पेरं सोललेली असत. पडवी सारवायचीही तीच. मी ज्याला भिंतीचं मुरणं म्हणत होतो, त्यात तिचे हात होते, आणि माझ्या हिशेबात ते कुठेच धरलेले नव्हते. वस्तू आपोआप छान म्हाताऱ्या होत नाहीत. कुणीतरी त्यांचं करावं लागतं, आणि ते करणारा सहसा मुरण्यावर व्याख्यान देत नाही.

ओल्या फडक्यानं पुसता येणं हा गुण मी आजवर हलका मानत आलो. आता मानत नाही. तो पापुद्रा कुणाची तरी एक दुपार मोकळी करतो.

स्वयंपाकघराचा रंग सौ.नं ठरवला: धुता येणारा, आणि हळदीचा डाग उठून दिसणार नाही असा पिवळा. मेव्हण्यांचं गिऱ्हाईक तो पाहून परत जाईल, हे त्याचं वरचं पुण्य. पडवीला मात्र चुनाच, एका अटीवर: डबा माझा, कुंचला माझा, स्टुलावरही मीच. पहिला हात या मे महिन्यात मारून घेतोय. खरी परीक्षा दिवाळीआधी, चार महिन्यांचा पाऊस भिंतीवरून गेल्यावर.