चामराजपेठेतला मांडव

चैत्राच्या सुमारास बेंगळुरूच्या चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो. श्री रामसेवा मंडळीचा हा रामनवमी संगीतोत्सव एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली सुरू केला. एम. एस. सुब्बलक्ष्मी इथे गायल्या, आपले भीमसेन जोशीही गायले. ‘आपले’ म्हणायचं खरं, पण जन्म तिकडचा, म्हणून गदगकरांचा हक्क आधीचा!

मला मात्र गवयांइतकीच श्रोत्यांची ओढ. कर्नाटक संगीताची मैफल असली, की हात मांडीवर आदिताल धरतात: एक टाळी, तीन बोटं, मग दोनदा टाळी आणि उलटा हात. आठ मात्रा पुऱ्या. हिंदुस्थानी मैफलीत तेच हात स्वस्थ. समेवर माना डोलतात, ‘वाहवा’ निघते. ऐकण्याच्या या दोन्ही रीती कोणत्या वर्गात शिकवतात? माझ्या मते, शेजारच्या खुर्चीवर. आजोबांचा हात बघत नातू ताल धरतो, चुकतो, पुन्हा पहिल्या टाळीला येऊन मिळतो. कानात इअरफोन घालून एकट्याने ऐकताना गाणं कदाचित जास्त स्वच्छ ऐकू येईल. ही शिकवणी मात्र तिथे नाही. आज संध्याकाळी जवळपास कुठे गाणं असेल, तर घरातल्या लहानग्याला घेऊन जरा पुढच्या रांगेतच बसा.