वाट पाहणें हीहि सेवाच

सज्जनहो, "शेत ठेवूं कीं विकूं, देवा सांग," असें विनवायचें आणि आठ दिवसांत उत्तर नाहीं म्हणून ज्योतिषाचें दार गांठायचें, याला भरंवसा म्हणावें काय? पुंडलिकानें वीट पुढें केली, पण मायबापांची सेवा सोडली नाहीं. पांडुरंग रागावला नाहीं. अठ्ठावीस युगें उभाच आहे. देव भक्तासाठीं थांबतो, मग भक्ताला घाई कां?

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडाल्या. तेरा दिवस ते अन्नपाण्यावांचून शिळेवर बसले, असें संप्रदाय सांगतो. मुखीं नाम मात्र होतें. वाट पाहणें म्हणजे हातपाय गाळणें नव्हे. हातचें काम करावें, एकादशी धरावी, नाम घ्यावें. अहो, मन निवलें म्हणजे त्याचा शब्द ऐकूं येतो! रामकृष्णहरि.